वाचायचं नाही, कापायचं

आमच्या कार्यालयात रोज सकाळी एकोणीस पेपर येतात. साहेबांच्या केबिनमध्ये पाच, त्यांच्या हाताखालच्या दोघांना तीन-तीन आणि उरलेले माझ्या टेबलावर. साहेबांच्या बंगल्यावर जातात ते यात धरलेले नाहीत. मासिकं वेगळीच. एक इंग्रजी मासिक प्लॅस्टिकच्या पिशवीत येतं आणि पिशवीसकट रद्दीत जातं. स्पर्धा परीक्षांचं एक मासिक आधीच्या साहेबांची मुलगी परीक्षेला बसली त्या वर्षी सुरू झालं. ती पास झाली, लग्न होऊन गेली, साहेबही बदलून गेले, मासिक मात्र येतंच आहे. बंद करायचं तर तसा प्रस्ताव करावा लागतो, आणि प्रस्ताव करणाऱ्याला पहिला प्रश्न हा येतो की इतकी वर्षं काय झोपला होतात का?

मी इथे लिपिक आहे. आवक-जावक बघते आणि कात्रणं कापते. आमच्या खात्याबद्दल कुठे काही छापून आलं की त्यावर लाल खूण करायची, ते कापून कोऱ्या कागदावर चिकटवायचं, समासात पेपरचं नाव आणि तारीख लिहायची, खाली माझी छोटी सही करायची आणि अकराच्या आत फाईल साहेबांपुढे ठेवायची. कात्री वापरायची नाही, स्टीलची पट्टी दाबून फाडायचं, म्हणजे कड सरळ येते. हे मला माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं. त्या निवृत्त होताना म्हणाल्या, "वाचत बसू नका हं. वाचायला लागलात तर दुपार होईल. फक्त खात्याचं नाव शोधायचं."

मी त्यात तरबेज झाले. तांदळातला खडा दिसावा तसं मला अख्ख्या पानात खात्याचं नाव दिसतं. नाव दिसलं की पट्टी, पट्टी उचलली की डिंक. वर काय लिहिलंय, खाली काय लिहिलंय, देव जाणे. दिवसाकाठी मी एवढे पेपर हाताळते आणि मला कुणी विचारलं, आज पेपरात काय, तर सांगण्यासारखं माझ्याकडे एक वाक्य नसतं.

आणि विचारणारा माणूस माझ्या माहेरीच होता. माझे वडील.

बाबा शाळामास्तर. आगाशीच्या पुढे आमचं गाव, तिथे आमची वाडी. केळी, थोडी सोनचाफ्याची झाडं, कडेला बावखल. आमच्याकडे वाडीला पाणी पुरवणाऱ्या जुन्या तळ्याला बावखल म्हणतात, आणि ते ज्याच्या वाडीत असेल त्याला उगाचच थोडा मान असतो. बाबा निवृत्त झाल्यावर सकाळी झाडांना पाणी सोडायचे आणि मग देवळामागच्या वाचनालयात जायचे. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन बाकं आणि सरकारी खर्चाने येणारी दोन दैनिकं. बाबा आधी आतलं पान उघडत, जाहीर नोटिशींचं. कोण जमीन विकतंय, कुणाचा दस्त हरवला, कुठल्या गटाची मोजणी आहे, ते बाकावरच्या चार म्हाताऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. बाबा घरातही शाळेतलीच मराठी बोलत, त्यामुळे त्यांच्या तोंडून नोटीस ऐकताना धडा ऐकल्यासारखं वाटे. आई हसायची. गावातल्या दोघा-तिघांच्या जमिनी मात्र त्या वाचनामुळे वाचल्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग काटकसरीचं पत्रक आलं. पेपर आणि नियतकालिकांवरचा खर्च कमी करा. आमच्या कार्यालयात त्यावर बैठक झाली, चहा-बिस्किटं झाली. साहेबांचे पाच तसेच राहिले, कारण ते कामाचे. बंगल्यावरचे तसेच राहिले, कारण त्यांचा विषय कोण काढणार? गावोगावच्या वाचनालयांचे बंद करायचे ठरले. खर्च कमी झाल्याचा अहवाल मीच टाईप केला. आमच्या गावाचं नाव यादीत होतं. ते मी वाचलं, वाईट वाटलं, आणि पुढचं नाव टाईप केलं.

बाबा काही दिवस नुसतेच त्या बाकावर जाऊन बसत. घरी आले की आई करवादायची. ती भातशेतीच्या गावातली, तिची बोली तिने कधी सोडली नाही. "पेपर नाय तर मानसाला काय काम नाय का? केलींना पानी सोडा." मी त्यांना मोबाईल घेऊन दिला होता. त्यावर त्यांना फुलांची चित्रं आणि सुप्रभात यायचं. नोटिशी येत नसत.

एकदा मला म्हणाले, "तुमच्या ऑफिसातला जुना पेपर आणत जा. शिळा चालेल."

मी म्हटलं, "बाबा, रद्दी सरकारी मालमत्ता असते. आणि मी कापून त्यात खिडक्या पाडलेल्या असतात."

"खिडकीच्या आजूबाजूचं वाचीन."

मी हसले आणि नाही म्हटलं. ऑफिसातल्या बायका फडताळात घालायला त्याच रद्दीतले गठ्ठे न्यायच्या. मी नेत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता. आज तो अभिमान आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर मी राहते त्या आचोळ्याहून गावी गेले की बाबा दारातच विचारायचे, "आज पेपरात काय?" मी चप्पल काढता काढता म्हणायचे, "काही विशेष नाही."

गेल्या वर्षी आमच्या कुंपणावर कुणीतरी लाल रंगाने आकडे आणि बाण काढून गेलं. बाबांनी विचारलं तर मोजणीवाले म्हणाले, रस्ता रुंद होतोय, निम्मी वाडी जाणार, बावखल पूर्ण जाणार. नोटीस कधी दिली? म्हणाले, कार्यालयात विचारा. ते कार्यालय माझंच.

मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सातबारा, फेरफार, जुनी सारा पावती असं सगळं पिशवीत भरलं होतं. भूसंपादन बघणारे साहेब वयाने माझ्याहून लहान, बोलायला चांगले. त्यांनी बाबांना खुर्ची दिली. म्हणाले, "काका, सातबारावर अजून तुमच्या वडिलांचं नाव आहे. त्यांच्या नावाने नोटीस गेली होती. 'मयत' असा शेरा मारून परत आली."

बाबा म्हणाले, "मयत आहेत हे खरं. मुलगा जिवंत आहे, हे कुणी लिहिलं नाही?"

"म्हणूनच तर पेपरात जाहीर नोटीस दिली ना. मुदतीत हरकत आली नाही. आता माझ्या हातात काही नाही." आणि त्यांनी फाईल मागवली.

फाईल येईपर्यंत त्यांनी पेपरचं नाव सांगितलं. हा पेपर स्टॉलवर मिळत नाही. गावात तो वाचनालयात यायचा तेवढाच. त्याला जाहिराती आमची खाती देतात आणि त्याचे वर्गणीदारही आमचीच खाती. आमच्याकडेच त्याच्या चार प्रती येतात. नोटीस आम्ही द्यायची, छापलेली आम्हीच विकत घ्यायची, आम्हीच कापायची आणि आम्हीच पुरावा म्हणून फाईलला लावायची. या सगळ्यात ज्याची जमीन आहे तो माणूस कुठेच लागत नाही.

फाईल उघडली. कोऱ्या कागदावर सरळ कडांचं कात्रण, समासात पेपरचं नाव आणि तारीख, खाली छोटी सही.

"मॅडम, हे तुमचंच ना?" साहेबांनी सहज विचारलं.

बाबांनी फाईल स्वतःकडे ओढली. चष्मा लावला आणि बोट ठेवून सगळी नोटीस वाचली. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलत होते. गावाचं नाव आलं, आमचा गट नंबर आला, आजोबांचं पूर्ण नाव आलं. हे सगळं माझ्या पट्टीखालून गेलं होतं. मी खात्याचं नाव पाहिलं होतं, ते वर ठळक होतंच. उरलेल्या तीन प्रती नोटिशीसकट, खिडकी न पाडलेल्या, माझ्या टेबलाशेजारच्या गठ्ठ्यात महिनोन् महिने पडून होत्या. मुदत संपेपर्यंत आणि त्यानंतरही.

बाबांचं बोट माझ्या अक्षरावर थांबलं. पाटीवर हात धरून त्यांनीच गिरवून घेतलेलं अक्षर ते. मग ते साहेबांना नमस्कार करून उठले.

जिना उतरताना मी म्हटलं, "बाबा, मी वाचलं नाही हो."

ते कठड्याला धरून उभे राहिले. "तारीख पाहिली मी," म्हणाले. "त्या दिवशी तू आली होतीस. माझ्या गोळ्या घेऊन. जाताना केळफूल नेलंस."

"हो."

"मी विचारलं होतं, आज पेपरात काय."

मी काय उत्तर दिलं होतं, ते दोघांनाही आठवावं लागलं नाही.

त्यानंतर अर्ज झाले, वकील झाला. हरकतीची मुदत गेली ती गेली. या उन्हाळ्यात बावखल भरून टाकलं. आईने आदल्या दिवशी कळशीभर पाणी काढून तुळशीला घातलं. बाबा बघायला बाहेर आले नाहीत.

ऑफिसात मी अजून कात्रणं कापते. आता प्रत्येक नोटीस शेवटपर्यंत वाचते, त्यामुळे फाईल साडेबाराला जाते आणि साहेब माझ्यावर वैतागतात. वैतागू देत. ओळखीचं गाव दिसलं तर तिथे कुणाला तरी फोन करते. एकदोघांनी हरकती घेतल्या, असं ऐकलं. आमची वाडी काही त्यामुळे परत येणार नाही.

बाबांसाठी मी तोच पेपर टपालाने सुरू केलाय. ते घडी मोडत नाहीत. आई त्यात चाफ्याची फुलं बांधून बाजारात पाठवते. परवा मी गेले तेव्हा बाबांनी दारात काही विचारलं नाही. मीच आतलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "वाचा ना बाबा."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"तू वाच," म्हणाले. "मी ऐकतो."