अस्वलाच्या पाठीवर

गेल्या महिन्यात वाचनालयातून एक कादंबरी आणली. तिच्यात एका गावात सर्कस येते. झोक्यावरच्या मुली, दिवे, बँड, सगळं पानंच्या पानं भरून आहे. अस्वल मात्र एकाच वाक्यात येऊन जातं. ते सायकल चालवतं आणि तंबूतले सगळे हसतात. पुस्तक मिटून मी कुकर लावायला उठले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या वेळी तंबूत एक बाई हसली नव्हती. ती माझी आई.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला. मी दहा वर्षांची, धाकटा भाऊ पाच. त्याला आकडी यायची. डोळे फिरायचे, दातखीळ बसायची, अंग ताठ व्हायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली होती. तिनं आकडी बरीच कमी झाली होती. पण आकडी कमी होणं वेगळं आणि जाणं वेगळं, असं आईचं म्हणणं.

तेव्हा दरवेशी अस्वल घेऊन गावोगाव फिरायचे. आजारी, दचकणारं पोर अस्वलाच्या पाठीवर बसवलं की त्याच्या अंगातली भीती जाते, असा समज होता. दरवेशी अस्वलाचा केस उपटून द्यायचा, तो ताइतात घालायचा. पण बरेच दिवस आमच्या खोऱ्यात दरवेशी फिरकला नव्हता. अशात भोरहून मामाचा निरोप आला, सर्कस उतरली आहे, पोरांना घेऊन ये. मामा सर्कशीच्या हत्तींना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पुरवत होता. आईनं निरोप्याला एवढंच विचारलं, "अस्वल हाय का त्यात?"

एसटीनं कापूरहोळ आणि तिथून गाडी बदलून भोर. संध्याकाळच्या खेळाला अस्वल झालरीचा झगा घालून सायकलवरून आलं. सगळा तंबू हसला. आईनं भावाला हात जोडायला लावले, स्वतःही जोडले. पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली, "अवो, सायकलच्या पाया पडताय का अस्वलाच्या?"

"तुमच्या पोराला आकडी येत न्हाई म्हनून हसताय," आई म्हणाली. "हसा."



सकाळी मामाच्या बैलगाडीत वाढ्यावर बसून आम्ही तंबूच्या मागं गेलो. तिथं दोरीवर ओले झगे, चुलीवर भात आणि खुंटीला बांधलेलं अस्वल. जवळून ते म्हातारं दिसत होतं. जागोजागी केस गेलेले, तोंडाला कातड्याची मुसकी. त्याचा राखणदार परमुलखातला. मामानं आपलं हिंदी काढलं. "ये हमारा भाचा है. इसको आकडी आता है. जरा अस्वल पे बिठाव."

"ये खेल का भालू है," तो म्हणाला. "दवा का नहीं."

"काय म्हनतोय, दादा?" आईनं मामाला विचारलं.

"खेळातलं हाय म्हनतोय. औशिदाचं न्हाई."

"खेळातलं असंल न्हाईतर दरवेश्याचं. अस्वलच हाय न्हवं? इचार त्येला, घरी ल्येकरं हायती का."

मामानं विचारलं. राखणदारानं दोर आखडून धरला आणि मानेनंच 'बसवा' अशी खूण केली.

मामानं भावाला उचलून पाठीवर ठेवलं. आईनं, देवाला लावावा तसा, अस्वलाच्या कपाळाला हात लावला. लगेच अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. भाऊ घसरला आणि त्याच्या मानेचे केस धरून लोंबकळला. राखणदार ओरडला तसं अस्वल खाली बसलं. मामानं भावाला ओढून घेतलं. तो हसत होता, आणि त्याच्या मुठीत केस आले होते.

"कपाळाला हात लावला की उठायचं, असं शिकवलंय त्येला," राखणदाराचं बोलणं मामानं आईला समजावून सांगितलं. तिनं ते कानाआड केलं. अस्वल आपणहून उठलं होतं, केस आपणहून पोराच्या हाती आले होते. तिला आणखी काय हवं होतं?

घरी येऊन तिनं ताईत बांधला आणि गोळी बंद केली. दोन्ही चालू ठेवलं तर अस्वलावर विश्वास नाही असं होतं, हे तिनं वडिलांना सांगितलं. वडिलांना पटलं नव्हतं, पण पुढचे काही आठवडे पोर धडधाकट खेळलं, म्हणून त्यांनीही गोळीचा हट्ट सोडला.

एकदा ओढ्यावर आई धुणं आपटत होती, मी पिळत होते. भाऊ काठाला खडे गोळा करत होता. मी वळून पाहिलं तर तो पालथा पडलेला, अंग ताठ, तोंड पाण्यात. पाणी घोट्याएवढंच. मी ओरडायच्या आत आईनं त्याला उचललं, उलटा धरला, पाठ थोपटली. नाकातोंडातून पाणी आलं, मग खोकला आला. धुणं दगडावरच राहिलं. त्याच दिवशी तिनं ओल्या लुगड्यानं त्याला कडेवर घेऊन पुण्याची एसटी पकडली.

परत आल्यापासून गोळी ती स्वतः द्यायची. जिभेवर ठेवायची, पाणी पाजायची, तोंड उघडायला लावून बघायची. वडील तिला एका शब्दानं बोलले नाहीत. शेजारीण मात्र बोलली. "काय वो, काय म्हनतंय तुमचं अस्वल?"

"अस्वलानं भ्या घालवलं," आई म्हणाली. "आकडी त्येच्या हातात न्हवती."

त्यातलं पहिलं खरंच होतं. भाऊ त्यानंतर कशालाच भ्यायला नाही, पाण्यालाही नाही. शाळेच्या वाटेवर तोच ओढा लागायचा. तिथं भ्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि तो शिकायला भोरला जाईपर्यंत ते मी केलं.