समुद्रावर लावलेला नंबर

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता जुन्या डायऱ्या उघडल्याशिवाय आठवत नाहीत. हे एक मात्र पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तोंडपाठ आहे. नावं कुणाचीच देत नाही. ती माणसं बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याजवळच्या एका गावात आजही राहतात.

मे महिन्यातल्या एका बुधवारी संध्याकाळी चाळिशीचा एक माणूस ठाण्यात आला. आई सकाळपासून घरात नाही, म्हणाला. ठाणे अंमलदाराने मिसिंग रजिस्टर उघडलं. वय अंदाजे पासष्ट, बांधा सडपातळ, अंगात हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. सोबत काय नेलं, हे त्याला सांगता येईना. त्याने खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. डोळ्यांत घालायचं औषध होतं. आईला काचबिंदू. एका डोळ्याने दिसणं बंद झालेलं, दुसऱ्याने थोडं दिसायचं. सोमवारी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही. औषध दोन वेळा घालायचं, एकही वेळ चुकवायची नाही.

"आन् ही बाटली घरातच, देवळीत ऱ्हायली," तो म्हणाला.

त्याला खरी भीती कशाची होती, ते त्याने बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. डॉक्टरांचं असं बोलणं ऐकून दोन दिवसांत माणूस घरातून गेला, तर पोलीस सर्वांत आधी विहिरी बघतात.

मला याद्या करायची सवय आहे. खिशात वही असायची, काम झालं की त्यावर रेघ. त्या रात्रीची यादी अशी होती: विहिरी, नातेवाईक, दवाखाने, एसटी थांबे, शेजारी. गुरुवारी दुपारपर्यंत शिवारातल्या अकरा विहिरींत गळ टाकून झाला. मुलगा प्रत्येक विहिरीपर्यंत यायचा, पण वाकून आत बघायचा नाही. गळ टाकणारा "न्हाई" म्हणाला, की पुढच्या विहिरीकडे चालायला लागायचा.

दुपारी फाट्यावरच्या चहावाल्याचा फोन आला. हा आमचा जुना खबऱ्या. चोरांची खबर क्वचित द्यायचा, पण कोण कुठल्या गाडीत बसलं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसायचं. काल सकाळी एक म्हातारी कोल्हापूरच्या गाडीत बसली, तिच्या हातात पाच लिटरचा रिकामा कॅन होता आणि मुठीला लाल चिंधी बांधलेली होती, असं त्याने सांगितलं. "मोकळा कॅन घिऊन कोल्हापूरला कोण जातंय, साहेब? म्हून ध्यानात ऱ्हायलं."

चिंधी ऐकताच मुलाने कॅन ओळखला. चिंधी त्यांच्याच घरची. टँकर येणाऱ्या गावात प्रत्येक घराच्या कॅनला खूण असते. मी स्वतः बीडमधल्याच कडा गावाकडचा, आमच्या घराची खूण निळी सुतळी होती. टँकर यायच्या आधी आपला कॅन रांगेत लावायचा आणि सावलीला जाऊन बसायचं. कॅन रांगेत असला म्हणजे माणूस रांगेत आहे, असं सगळे धरतात. दुसऱ्याचा कॅन मागे सारणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा. त्याचे अर्जही ठाण्यात यायचे.

म्हणजे आजी जिवंत होती, निदान काल सकाळपर्यंत. पण कोल्हापूर का? नवऱ्यासोबत तिने तिकडे कित्येक हंगाम ऊस तोडला होता. आता नवरा नव्हता आणि मे महिन्यात हंगामही नव्हता.

यादीत शेवटचं नाव शेजारणीचं होतं. दोघी ऊसतोडीच्या एकाच टोळीत काम केलेल्या, एकमेकींच्या वयाच्या. या बाईचे गुडघे गेलेले. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही हा नियम, म्हणून महिला शिपायाला घेऊन तिच्या ओट्यावरच जाऊन बसलो. तिने चहा ठेवला आणि चहाबरोबरच सांगून टाकलं, "म्या लिंबागणेशला गणपतीपुढं शपत घेतलीया. ती कुटं गेली ते सांगनार न्हाई. न्यायचं तर मला जेलात न्या."

तीस वर्षांत मी एक शिकलो होतो. शपथ घेतलेल्या माणसाला शपथ मोडायला लावू नये, त्याला शपथेच्या बाजूने वाट काढून द्यावी. मी वही उघडली. कुठं गेली ते सांगू नका, सोबत काय नेलं एवढं सांगा, म्हटलं. त्याची काही शपथ आहे का?

तिने विचार केला. "त्येची न्हाई घेतली."

मग तिने यादी दिली. दोन लुगडी, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चष्मा, कॅन. कॅन कशाला, विचारलं तर म्हणाली, "मला पानी आनायला. माझे गुडघे धड असते तर मीबी गेले असते." कसलं पाणी, विचारलं तर ती कप गोळा करू लागली. मी वही मिटली आणि उठता उठता सहज विचारलं, की गावात मारुती असताना शपथेसाठी लिंबागणेशला कशाला गेलात?

"त्येच्याच दारात चाललीय ती. मग शपत दुसऱ्या कुनाची घ्यावी?" बोलून गेली आणि तिने पदर तोंडावर धरला.

मी ओट्यावरच वहीत तीन शब्द लिहिले: कोल्हापूर, गणपती, पाणी. महिला शिपायाने वाकून वाचलं आणि म्हणाली, "साहेब, गणपतीपुळे."

शेजारीण रडायला लागली. आता सगळंच सांगते म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका उसाच्या फडावर समुद्राच्या गोष्टी सांगायच्या. दोघी दर हंगामाला ठरवायच्या, यंदा परतताना बघून यायचं. टोळी मात्र दरवर्षी थेट गावाला यायची. सोमवारी डॉक्टरांकडून आल्यावर मैत्रीण तिला एवढंच म्हणाली होती, "उजेड हाय तवर बघून येते."

जिवाची भीती थोडी कमी झाली, पण अर्ध्या नजरेची बाई, बरोबर औषध नाही आणि पुढे समुद्र. तिथल्या ठाण्याला संदेश आणि फोटो पाठवला. शुक्रवारी त्यांचं उत्तर आलं, की सुट्टीची गर्दी आहे, हिरव्या लुगड्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या आहेत, ही मिळाली नाही. वरिष्ठांची परवानगी घेतली, महिला शिपाई आणि मुलगा यांना जीपमध्ये घातलं आणि शनिवारी सकाळी पोहोचलो.

असा किनारा मी तोवर बघितला नव्हता. उंट, घोडागाड्या, शहाळी, भाजलेली कणसं, ओल्या कपड्यांत पळणारी पोरं, चाकापर्यंत पाण्यात गेलेली एक मोटार आणि तिला ढकलणारं अख्खं कुटुंब. कुणी पुढे गेलं, की जीवरक्षक शिट्टी वाजवून मागे बोलवायचा. मी किनाऱ्याचे चार भाग पाडले. तिसऱ्या भागात पाण्यापासून थोड्या अंतरावर चपलांची सरळ रांग दिसली. महिलांची एक सहल आली होती. सगळ्यांनी चपला ओळीने काढून ठेवल्या होत्या आणि त्या पाण्यात गेल्या होत्या. रांगेच्या टोकाला शेवटच्या चपलांमागे एक कॅन होता. मुठीला लाल चिंधी.

बीडचा नसतो, तर मी तो कॅन ओलांडून पुढे गेलो असतो. मी पाण्याकडे बघितलं नाही, मागे वळून सावली शोधली. शहाळ्याच्या गाड्यामागे आजी बसली होती, पाय पोटाशी घेऊन, तोंड कॅनकडे.

मुलगा धावत गेला. मला वाटलं, आता ओरडणार. त्याने खिशातून बाटली काढली, आईचं डोकं मागे केलं आणि डोळ्यांत थेंब घातले. "मीट डोळे," म्हणाला. मग रडतच आकडे मोजू लागला. पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे असतात.

आजीने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "तू कसा आलास रं?"

"आये, असं कशापायी केलंस? मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर आनलं असतंस?"

"आनलं असतं की. दिवाळीच्या पुढं."

"तवर डोळं थांबत्याल का?"

त्याचे आकडे चुकले. त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मी विचारलं, पाण्याजवळ अजून का गेला नाहीत? ती काल दुपारीच आली होती. कालही कुणाच्या तरी चपलांची रांग बघून तिने मागे कॅन लावला, पण अंधार पडला तरी नंबर आला नाही. रात्री देवळाजवळ झोपली आणि सकाळीच येऊन या चपलांमागे पुन्हा कॅन लावला, तर लोकांनी मधेच घुसून आत जायला सुरुवात केली. "ते शिट्टीवालं पोरगं नंबरानं सोडतंय. माझ्याकडं त्येचं ध्यानच न्हाई. एवढी मान्सं, साहेब. नंबराबिगर पान्यात कसं सोडत्याल?"

महिला शिपाई हसू आवरत दुसरीकडे बघायला लागली. मला हसू आलं नाही. जन्मभर पाण्यासाठी रांग लावलेल्या बाईला एवढं पाणी रांगेशिवाय असतं, हे कुणी आणि कधी सांगायचं? मी चष्मा पुसला आणि ठाण्यातल्या आवाजात म्हणालो, "आजी, चला. तुमचा नंबर आला."

"फुडच्या बायका?"

"त्यांचं झालं."

मुलाने एक हात धरला, महिला शिपायाने दुसरा. पहिली लाट घोट्याला लागली तशी ती थांबली. वाकून ओंजळ भरली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली, मग जिभेवर घेतली आणि थुंकून टाकली. "ह्ये कुनाच्याच कामाचं न्हाई," म्हणाली आणि दोन पावलं आणखी पुढे गेली. नंतर कॅन भरून घेतला, मैत्रिणीच्या गुडघ्यांवर घालायला.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं: मिसिंग मिळून आली. जाण्याचं कारण, समुद्र पाहणे. वरिष्ठ कार्यालयाने कागद परत पाठवला, कारण सविस्तर लिहा म्हणून. मी खाली जोडलं: पाहून झाला.

निवृत्त व्हायच्या आधी एकदा त्या गावात गेलो. आजीला तेव्हा काहीच दिसत नव्हतं. आवाजावरून तिने मला ओळखलं. बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, "साहेब, तितं नंबर नव्हताच ना?"

नव्हता, म्हणालो.

"मला पान्यात गेल्यावर कळलं. पन तुमी म्हनलात म्हून पाऊल टाकलं. पोलिसानं सोडल्यावर कोन आडवतंय?"

त्या प्रकरणानंतर मिसिंगची तक्रार आली, की माझ्या यादीत एक प्रश्न जास्तीचा असायचा. भांडण, आजार, वैर हे सगळं विचारून झाल्यावर घरच्यांना विचारायचो, यांचं काही बघायचं राहिलं होतं का? बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर कुणाला माहीत नसायचं. एकदा तोच प्रश्न मी माझ्या घरी विचारला. बायकोने नऊ ठिकाणं सांगितली, एका दमात. ती यादी आता खिशातल्या वहीत आहे आणि चार ठिकाणांवर रेघ मारून झाली आहे.