विसावी मुलगी

गेल्या वर्षी आमच्या जुन्या शाळेने माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि एका माजी विद्यार्थ्याचे भाषण. तो म्हणाला, सरांनी त्या काळात उन्हातान्हात सायकल मारत गावोगाव फिरून मुलींना हायस्कुलात आणले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत राहिलो. फोटोत तसाच दिसतो. सायकल खरी होती, ऊन खरे होते, मुलीही आल्या होत्या. त्यांना आणून मी काय केले ते भाषणात नव्हते. माझे वय आता ऐंशीच्या पुढे गेले आहे, म्हणून ते लिहून ठेवतो.

मोहाडी तालुक्यातल्या एका गावात आमचे हायस्कूल होते, खासगी संस्थेचे. मी आठवी ते दहावीला गणित शिकवत असे. आसपासच्या खेड्यांत सातवीपर्यंत शाळा असायच्या आणि आठवीला पोरे आमच्याकडे यायची. आपोआप येत नसत. सातवीचा निकाल लागला की आम्ही मास्तर लोक पोरे गोळा करायला निघायचो. तुकडी भरली नाही तर तुकडी तुटायची आणि तिच्यावरचा मास्तर जास्तीचा ठरून घरी जायचा. त्यामुळे मे महिन्यात आमच्यात जी चपळाई यायची ती वर्षभर वर्गात कोणी पाहिली नसेल. दुसऱ्या हायस्कुलाचे मास्तरही त्याच गावांत फिरत. एकदा मी एका अंगणात शिरलो तर त्यांचा मास्तर आधीच खाटेवर बसून पन्हे पीत होता. घरधनी म्हणाला, "या, तुमीबी बसा. पोट्टा एकच हाये, दोघं मिळून वाटून घ्या."

त्याच फेरीत आम्ही विषयांचे फॉर्म भरून घ्यायचो. आठवीपासून गणिताच्या दोन वाटा होत्या. एक बीजगणित-भूमितीची, दुसरी साध्या हिशेबाच्या सोप्या गणिताची. सोप्या वाटेने गेलेल्याला दहावीनंतर विज्ञान शाखेत जागा मिळत नसे. ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. गावातल्या बापाला ती ठाऊक नसायची आणि आम्ही ती सांगत नसू. 'विद्यार्थ्याची पसंती' हा रकाना आम्ही आधीच, शाळेच्या व्हरांड्यात बसून, आमच्या अक्षरात भरून ठेवायचो. पोराचे घर कोणते, बाप काय करतो, एवढ्यावर ठरायचे. एक सहकारी फॉर्म चाळताना म्हणायचे, "हा बांधीतला. हा बांधीतला. हा एक बेंचावरचा." बांधी म्हणजे धानाचे शेत. आम्ही हसायचो. मीही हसायचो.

आणीबाणी लागली त्याच्या पुढच्या वर्षी संस्थेने मुलींसाठी गृहशास्त्र सुरू करायचे ठरवले. ठरवले म्हणजे अध्यक्षांची सून त्या विषयात शिकून आली होती आणि तिला जागा हवी होती. विषय मंजूर व्हायला वीस मुली लागत. वेळापत्रकात गृहशास्त्राचा तास नेमका बीजगणिताच्या तासावर ठेवला होता, म्हणजे जी गृहशास्त्र घेईल तिला सोपे गणितच उरायचे. मे संपत आला तेव्हा माझ्याकडे एकोणीस नावे होती. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितले, "एकोणिसावर मंजुरी येत नाही, सर. विसावी आणा. सूनबाई घरी बसल्या तर आपल्यापैकी कोण घरी बसेल, ते मी सांगायला नको." मी तेव्हा कायम झालो नव्हतो.

विसाव्या मुलीचे गाव सायकलने तासाभरावर होते. तिचा बाप बांधीत शेणखत टाकून नुकताच आला होता. मला पाहून त्याने हात धुतले, डोक्याचे फडके सोडून खाट झटकली. "बसा गुरुजी. बाई, पाणी आन."

मुलीने पाणी आणले आणि लगेच सातवीची गुणपत्रिका आणली. गणितात शंभरापैकी एक्याण्णव. माझ्या सगळ्या फेऱ्यांत त्या वर्षी एवढे गुण कोणाचेच नव्हते, मुलांतही नाही. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "मले बीजगणित पायजे, गुरुजी."

"कशाला गं?"

"दवाखान्यातली नर्सबाई म्हणते, विज्ञान घेतलं तं मोठी परीक्षा देता येते. मले तेच कराचं हाये."

बाप कौतुकाने हसला. "तिचं असंच चालू राह्यते. दिवसभर नर्सबाईच्या मागं."

माझ्या पिशवीत तिचा फॉर्म होता. त्यावर गृहशास्त्र आधीच लिहिले होते. मी म्हणालो, "बीजगणित मुलींना घेता येत नाही. सरकारचा नियम आहे."

हे वाक्य मी घरून ठरवून निघालो नव्हतो. ते तोंडातून सहज निघाले, आणि निघाल्यावर मला हायसे वाटले. त्या हायसे वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

बाप म्हणाला, "नियम असन तं मंग का करता."

मुलगी म्हणाली, "काहून? कुठं लिहिला हाये?"

"चूप वो. गुरुजीसंग वाद घालून राहिली का?"

"वाद नाही घालून राहिली, बाबा. इचारून राहिली."

मी पिशवीत हात घातला. जिल्ह्याच्या कार्यालयातून आलेले एक परिपत्रक होते. पावसाळ्यात प्रत्येक शाळेने किती रोपे लावायची, खड्डे केवढे खणायचे, असला मजकूर. खाली गोल शिक्का. तो कागद मी बापापुढे धरला. "हे बघा." बापाला वाचता येत नव्हते. त्याने शिक्का पाहिला आणि कागदाला हात जोडले, खरेच जोडले. मुलगी त्याच्या पाठीशी उभी होती. तिची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना मला दिसली. तिने शेवटपर्यंत वाचले. मग माझ्याकडे पाहिले, मग बापाच्या जोडलेल्या हातांकडे. आता ही बोलणार, असे मला वाटले. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. मी बापाचा अंगठा घेतला. फॉर्मवर माझ्या अक्षरात लिहिले होते, 'पालकांच्या इच्छेनुसार'.

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत गंमत म्हणून सांगितली. हेडमास्तरांनी चिवडा मागवला. बांधीवाले सहकारी म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी तुम्ही लग्नपत्रिका दाखवूनसुद्धा पोरी आणाल." खोलीभर हशा झाला. मी पुरता खूश होतो. दिवाळीनंतर मला कायम केले.

तीन वर्षे मी भिंतीच्या एका बाजूला बीजगणित शिकवले आणि दुसऱ्या बाजूला त्या वीस मुली टाके घालत बसल्या. टाके घालण्यात वाईट काही नाही. पण ती मुलगी नववीत असताना एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. शेजारच्या मुलाचे पुस्तक घेऊन तिने एका वहीत समीकरणे सोडवली होती. "पाहून देता का, गुरुजी?" मी वही चाळली. दहा-बारा पाने असतील. सगळे बरोबर होते. एके ठिकाणी तिने मी वर्गात दाखवली त्याहून छोटी रीत वापरली होती. मी वही मिटून परत दिली आणि म्हणालो, "तुझ्या विषयात नाही हे. उगाच वेळ घालवू नको." बरोबरचे एक चिन्हसुद्धा केले नाही. केले असते तर माझ्या हातचा पुरावा झाला असता.

दहावीला ती पहिल्या वर्गात आली. तिचा काका वरठीला रेल्वेत होता. तो तिला विज्ञानाच्या प्रवेशासाठी भंडाऱ्याला घेऊन गेला आणि तिथे खिडकीवरूनच परत पाठवले, गणित सोपे आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी काका, बाप आणि ती, तिघे शाळेत आले. काका उभ्यानेच बोलला.

"गुरुजी, माया साहेबाच्या पोरीनं बीजगणित घेतलं होतं. मंग ते पोरगी नाही का? नियम कुठचा हाये तुमचा?"

बाप त्याच्या बाहीला ओढत होता. "हळू बोल ना गा. गुरुजी आहेत ते."

"अरे दादा, गुरुजी आहेत म्हणूनच इचारून राहिलो. धोब्याले इचारू का?"

खोलीत हेडमास्तर होते, दोन सहकारी होते. चिवडा खाणारे तेच. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मी आयुष्यातले सर्वांत घाण वाक्य बोललो. मी आवाज खाली आणून, मोठ्या मनाने सांगतोय अशा थाटात म्हणालो, "खरे सांगायचे तर नियम नव्हता. मुलगी गणितात कच्ची होती. बीजगणितात नापास झाली असती. तिचे मन मोडू नये म्हणून नियमाचे निमित्त केले."

"एक्याण्णव मार्क होते तिले!"

"गावच्या शाळेतले मार्क. तिथे काय, कोणालाही देतात."

हेडमास्तरांनी होकारार्थी मान हलवली. ती दारात उभी होती. बाप तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "पाह्य बाई. गुरुजीनं तुयी इज्जत राखली."

त्यानंतर तिने माझ्याकडे पाहिले नाही. चौकटीला धरलेला हात काढून ती निघून गेली.

त्या हिवाळ्यात धान निघाल्यावर बाप सायकलवर चिन्नोर तांदळाची थैली घेऊन माझ्या दारी आला. "पोरीसाठी तुमी एवढं केलं," म्हणाला. मी घेतली. आमच्या घरात चिन्नोर शिजला की शेजारपर्यंत वास जायचा. माझी बायको म्हणायची, कोणी दिला हो इतका चांगला? मी म्हणायचो, एका पालकाने. आणि जेवायचो. दोनदा वाढून घ्यायचो.

पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न अड्याळकडच्या एका शेतकरी घरात झाले. मी ऐंशीच्या दशकातही दर मे महिन्यात फिरत राहिलो आणि दर वर्षी वीस मुली भरून देत राहिलो. आता परिपत्रक दाखवावे लागत नसे. नियम आहे असे गावोगाव पसरले होते. मग अध्यक्षांची सून नवऱ्याच्या बदलीबरोबर नागपूरला गेली, जागा कोणी घेतली नाही, विषय बंद पडला. शिलाईची यंत्रे प्रयोगशाळेच्या मागे गंजली. एवढ्यासाठी ते सगळे केले होते.

सत्काराची शाल घरी आणल्यावर चार दिवसांनी मी एसटीने अड्याळला गेलो आणि विचारत विचारत तिच्या घरी पोचलो. तिचे केस पांढरे झाले होते, पण तिने मला लगेच ओळखले. बाप वारला होता. आई तिच्याकडेच राहत होती, अंगणात खाटेवर बसली होती. मी बसलो आणि कागदाची गोष्ट सांगायला लागलो. तिने मध्येच थांबवले.

"तो कागद झाडं लावाचा होता. मी वाचला होता, गुरुजी."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बाबा हात जोडून बसले होते." ती म्हणाली, "कागदाचं सोडा. तुमी मले कच्ची म्हटलं. ते गोष्ट माया संगं सासरी आली. इतं कोणाचा हिशेब चुकला तं मायाकडे पाहून हासत. माया पोरीले गणित जमलं तवा म्हणत, बापावर गेली."

मी माफी मागितली. ती शेतातून आणलेल्या शेंगा सोलत होती, तिचा हात थांबला नाही.

"मले कायले सांगता? मले तं मालूमच होतं. मायले सांगा. बाबा तं तसेच गेले."

मी आईच्या खाटेजवळ गेलो आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. म्हातारीने कानामागे हात धरला.

मुलगी मागून म्हणाली, "जोरानं बोला. तिले ऐकू येत नाही."

मी पुन्हा बोललो.

"अजून जोरानं, गुरुजी. वर्गात बोलत होते तसं."

मग मी ओरडलो. मी खोटे बोललो होतो, नियम नव्हता, तुमची मुलगी कच्ची नव्हती, तिच्यासारखे गणित माझ्या वर्गात कोणाला येत नव्हते. आवाज चिरकला. शेजारच्या कुंपणाशी दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. तिचा नवरा गोठ्यातून बाहेर आला. एका बाईने विचारले, "का झालं वो?" मला सगळे दुसऱ्यांदा सांगावे लागले, कारण म्हातारीला अर्धेच कळले होते. या वेळी अंगणातले सगळे ऐकत होते, आणि मला तिथून पळून जावेसे वाटत होते.

म्हातारीने ऐकून घेतले. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. ती मुलीकडे वळून म्हणाली, "तुले येत होतं वो?"

"येत होतं, माय."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं. तू म्हणाली, गुरुजी खोटं कायले बोलतीन."

म्हातारीने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मी उभाच होतो. बसा असे कोणी म्हणाले नाही.