शमशादआपांची पोपटी मोटार

सीट शिवायला आलेल्या गाडीत शमशादआपा आधी डोळे मिटून बसायच्या. रिक्षा असो, टेम्पो असो, नाहीतर कुणाची नवी मोटार असो. मालक बाजूला उभा राहून रेक्झिनचा रंग सांगत असायचा आणि आपा आत हात गुडघ्यांवर ठेवून गप्प. "काय करताय आपा?" असं नव्या गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणायच्या, "थांब की. ही मला कुटं न्हेती ते बगते." मग डोळे उघडून निकाल द्यायच्या. एका रिक्षावाल्याला त्यांनी सांगितलं होतं, "तुजी रिक्षा सारखी दवाखान्याकडंच जाती बाबा. फोम बदलू, म्हंजे लग्नाला जाईल."

माझ्या स्कूटरवरही त्या अशाच बसल्या होत्या. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, नुकतीच पुण्यातल्या नव्हे, आमच्या गावच्या भवानी पेठेत राहायला आले होते आणि सीट फाटली म्हणून कुणीतरी त्यांच्या दुकानाचा पत्ता दिला होता. भर रस्त्यात, स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर डोळे मिटून बसलेली ती धिप्पाड बाई बघून मी ओशाळले. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "बाई, ही शाळंतनं घरी आन् घरातनं शाळंत. दुसरीकडं कुटं जाईतच न्हाय." खोटं नव्हतं. मी हसले आणि आमची ओळख झाली, ती त्या असेपर्यंत टिकली. आता आपा नाहीत. पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या आणि तिथेच गेल्या. त्यांच्या पत्र्याच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं चकचकीत दुकान झालं आहे.

आपांचे पती टेम्पो चालवायचे. ते गेल्यावर आपांनी घरातलं शिलाई मशीन दुकानात आणलं आणि सीट कव्हरं शिवायला बसल्या. जन्म गाड्यांमध्ये गेला, पण एकही गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. "ह्यांना इचारलं हुतं एकदा, मला शिकवा म्हणून," त्या सांगायच्या. "म्हनले, बाई बसली की गाडी घाबरती. माणूस वाईट नव्हता हां. खरं, गाडी घाबरती म्हनला." आणि दाभण रेक्झिनमध्ये खुपसून अशा ओढायच्या, की त्या बोलण्याचा राग अजून गेला नाही हे कळायचं.

मुलगा इरफान पुण्यात नोकरीला. अम्मीनं आता दुकान बंद करून आपल्याकडे यावं, असा त्याचा लकडा होता. शेवटी आपांनी हो म्हटलं. जागेला गिऱ्हाईकही ठरलं, दिवाळीनंतर ताबा द्यायचा होता. आणि त्याच आठवड्यात त्या शेजारच्या महादेवच्या शेडमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. महादेव मूळचा मंगळवेढ्याचा. खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. मी तिथे माझ्या गच्चीच्या दाराची चौकशी करत होते.

"महादेवा, मला मोटार बांदायचीय," आपा म्हणाल्या.

"मोटारीची सीट म्हणा की."

"सीट मी शिवीन. मोटार तू बांद."

कुठली मोटार, तर एका जुन्या सिनेमातली. आमच्या पिढीत तो सिनेमा न पाहिलेला माणूस विरळा. त्यात नायिका स्वतः मोटार चालवत घाट चढते. लांबलचक, पोपटी, टप नसलेली दोघांपुरती मोटार. नाकावर पितळेचं उडी मारणारं हरीण आणि दाराशेजारी बाहेरच्या अंगाला बसवलेलं जादा चाक. एके काळी ती मोटार कॅलेंडरांवर होती, रिक्षांच्या पाठीवर रंगवलेली होती. महादेवनं लगेच मोबाईल काढला. "फोटो बघूनच माप घेऊ की आपा."

"नक्को. फोटो बगितला की मनातली माजी जाईल. मी सांगते तशी कर."

आणि त्यांनी पहिली अट सांगितली, ती ऐकून महादेव डोकं खाजवायला लागला. स्टिअरिंग डाव्या हाताला हवं होतं. विलायती मोटार असेल, असं म्हणून आम्ही दोघांनी समजूत करून घेतली. मीही तो सिनेमा लहानपणी पाहिला होता, पण स्टिअरिंग कुठल्या हाताला होतं हे कोण लक्षात ठेवतं? सुदैवानं भंगारबाजारात लष्करातून लिलावात निघालेली एक जुनी जीप सापडली. तिचं स्टिअरिंग डावीकडेच होतं. आपा तिच्यात डोळे मिटून बसल्या. उठल्या त्या थेट म्हणाल्या, "घ्या."

पुढचे कित्येक महिने संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन बसायची. निवृत्त झाले होते, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. जीपचा वरचा सांगाडा निघाला, पत्रा कापला, ठोकला, वळवला. आपा दुकानातलं काम टाकून दर थोड्या वेळानं यायच्या आणि कमरेवर हात ठेवून बघायच्या. "नाक लई फुगलंय. ती रुसल्यावानी नव्हती, हसत हुती." महादेव वैतागायचा. "पत्रा हाय आपा, हसवू कसा?" पण दुसऱ्या दिवशी नाक उतरवलेलं असायचं. तोही त्या मोटारीत गुंतला होता. ट्रॉल्यांची कामं मागे पडू लागली तरी बोलत नव्हता.

सकाळी तो आपांना मैदानावर जीपचंच नुसतं धूड चालवायला शिकवायचा. पहिल्या दिवशी आपांनी एवढ्या जोरात क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. त्या स्टिअरिंगला म्हणाल्या, "घाबरू नको ग. मीबी घाबरलेय." पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्या खेपेला लायसन मिळालं. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले आणि पतीच्या फोटोपुढं मात्र नुसतं लायसन उभं करून ठेवलं.

रंग मारून झाला, पोपटी मोटार उन्हात चमकायला लागली आणि आपा तिच्यात सायीच्या रंगाचं रेक्झिन बसवत असतानाच इरफान पुण्याहून आला. जागेच्या व्यवहारासाठी आला होता. मोटारीबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो मोटारीभोवती एक चक्कर मारून आला. रागावला असेल असं मला वाटलं, पण तो हसू दाबत होता.

"अम्मी, ये वो पिक्चर की गाडी है ना?" त्यानं मोबाईल काढला, सिनेमातला तो घाटाचा तुकडा लावला आणि आईपुढं धरला. मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत म्हणाला, "बघा. सगळी उलटी झालीय. स्टिअरिंग उजवीकडं पाहिजे. चाक डावीकडं पाहिजे. उलटी बनवलीस अम्मी."

महादेवच्या हातातला पाना तसाच राहिला. मी वाकून बघितलं. खरंच होतं. नायिका उजव्या हाताला बसून मोटार चालवत होती. एवढ्या महिन्यांचं काम, ठोकलेला प्रत्येक पत्रा, सगळं उलट्या बाजूला. आपांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा पाहिला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

मग त्या उठल्या. दुकानापुढं एक रिक्षा सीटसाठी उभी होती. तिच्या बाजूच्या आरशासमोर त्यांनी मोबाईल धरला आणि आरशात बघत राहिल्या. आणि एकदम हाक मारली, "बाई, हिकडं या! ही बगा. ही माजी!"

आरशात मोटार घाट चढत होती. स्टिअरिंग डावीकडं, चाक उजवीकडं.

आपांना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि पायरीवर बसून त्यांनी सांगितलं, ते इरफानलाही ठाऊक नव्हतं. त्या लहानपणी जेऊरला होत्या. वडील स्टेशनबाहेर टांगा हाकायचे. गणपतीत मंडळवाले गावातल्या रस्त्यावर आडवा पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पडद्यापुढं सगळा गाव. पोरींना तिथं जागा मिळायची नाही. मग आपा आणि त्यांची मैत्रीण काशी, धनगरवाड्यावरची, पडद्याच्या मागच्या बाजूला जमिनीवर बसायच्या.

"मागनंबी चित्र दिसतंच की. पाट्या तेवड्या उलट्या. मला तवा उर्दूच वाचता यायचं. वाटलं, हिंदीबी उर्दूवानी उजवीकडनंच लिवत्यात. मग मोटार उलटी हाय हे कसं कळावं?" त्या थांबल्या. "काशी म्हनली, शमे, आपुन मोट्या झालो की अशीच घिऊ. तू चालव, मी शेजारी बसते. ती मागच्या साली पडली. कमरंचं हाड मोडलं. तवापासनं उंबऱ्याभायेर येत न्हाय म्हनं. पोरं पाठीवर घिऊन जातो म्हनली तरी नक्को म्हनती."

महादेवनं हळूच विचारलं, "मग आता? बदलायचं का?"

"कुणासाटी? तिकडनं बगनाऱ्यांची त्यांच्यापाशी. ही आमच्या बाजूची हाय."

इरफाननं आपला मोबाईल परत घेऊन खिशात टाकला. मग त्यानं शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि रेक्झिनचं दुसरं टोक ताणून धरलं.

जेऊरला आम्ही दोघीच निघालो, सकाळी लवकर. तिसऱ्याला जागाच नव्हती. आपांनी नवा दुपट्टा डोक्याला घट्ट गुंडाळला होता. पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ट्रकवाले हॉर्न वाजवून हात करत होते. एका पोलिसानं थांबवलं, कागद बघितले आणि म्हणाला, "यात तर जीप लिहिलंय." आपा म्हणाल्या, "आत जीपच हाय सायेब. वरनं कपडे बदलल्यात." त्यानं मोटारीभोवती फेरी मारली, हरणाच्या पाठीवरून हात फिरवला आणि जाऊ दिलं. टेंभुर्णीला चहा घेताना आपांनी सांगितलं, मोटार त्या काशीकडेच ठेवणार आहेत. "पुण्यात ही उबी करायला जागा कुटं? आपुन येताना येष्टीनं येऊ."

काशीबाईंच्या दारात मोटार उभी राहिली तेव्हा आधी शेरडं उधळली, मग पोरंसोरं जमली. आत बाजेवर एक वाळकी, पांढऱ्या केसांची म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आपांनी हाक मारली तरी ती वळेना. थोरल्या मुलानं बाज उचलून दाराकडे फिरवली.

काशीबाईंनी मोटार बघितली. बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "शमे, हीच की ग."

"व्हय. हीच."

"चाक हिकडंच हुतं."

"हिकडंच हुतं."

"मग उबी का? मला घ्या की," त्या मुलाला म्हणाल्या. वर्षभर उंबरा न ओलांडलेल्या त्या बाईला मुलानं दोन्ही हातांवर उचलून सायीच्या रेक्झिनवर ठेवलं. आपांनी पाठीला उशी लावली, स्वतः डाव्या हाताला जाऊन बसल्या आणि "आलो चक्कर मारून" म्हणून निघाल्या.

बराच वेळ झाला तरी त्या परत आल्या नाहीत. सुनेनं केलेला चहा निवला. मुलगा आत-बाहेर करायला लागला. आईला काही झालं का, मोटार कुठं घसरली का? शेवटी त्यानं मोटारसायकल काढली आणि मी मागं बसले. गावाबाहेर रेल्वेच्या फाटकाशी पोपटी मोटार उभी दिसली. इंजिन बंद होतं. मागून आलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या तिला वळसा घालून जात होत्या.

जवळ गेलो तर दोघी बोलत होत्या. काशीबाईंचा पदर खांद्यावर आला होता, आणि त्या हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. आपा ऐकत होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"आपा, काय झालं? थांबलात का?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फाटक बंद हाय न्हवं, बाई."

"आपा, फाटक उघडंय."

आपांनी समोर बघितलं. काशीबाईंनीही बघितलं.

"व्हय की," आपा म्हणाल्या. "कवा उगडलं ग, काशे?"