पाण्यावरची शिष्यवृत्ती

कुणाच्याही घरी पाण्याचा पेला हातात आला की ती आधी तो उजेडाकडे धरायची आणि मगच तोंडाला लावायची. यजमानीणबाईंचा चेहरा उतरायचा. मी एकदा म्हणालो, "पाण्यातलं नायट्रेट असं डोळ्यांना दिसतं होय?" ती ओशाळून हसली. "नाही हो काका. खोड आहे माझी."

नगरच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक. ती तिथे पीएचडीला आली, तेव्हा मी रीतीप्रमाणे तिला मॅडम म्हणायला लागलो. ती म्हणाली, "मॅडम नका म्हणू. अजून व्हायचंय." हे तिचं पालुपदच होतं. जेवण झालं का? अजून व्हायचंय. प्रबंधाचं प्रकरण? अजून व्हायचंय. लग्नाचं कुणी विचारलं तरी तेच, फक्त जरा मोठ्यानं हसून.

मूळची खर्ड्याची. वडील झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. दुपारी त्यांचा फोन यायचा, "जय भीम, पपा" म्हणून ती कोपऱ्यात जायची आणि नमुने, यंत्र, मार्गदर्शक सर, सगळ्याची हकिकत त्यांना सांगायची. पर्यावरणावर संशोधन करणाऱ्यांसाठीची एक शिष्यवृत्ती तिला मिळाली, त्या दिवशी मास्तर स्वतः पेढे घेऊन नगरला आले होते. विषय होता, प्रवरेकाठच्या बागायती भागातल्या विहिरींचं पाणी.

कोल्हारच्या पुढे एका वस्तीवरच्या विहिरी तिनं निवडल्या होत्या. बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन ती एसटीनं यायची. कंडक्टर विचारायचा, "मासळी हाय का, ताई?" "न्हाई, पाणी हाय." "पाणी? कोल्हारहून नगरला?" अख्खी गाडी हसायची. तीही हसायची.

त्या वस्तीवर एक आबा होते. ऊस, कांदा, दोन म्हशी, आणि वडिलांनी खोदलेली विहीर. त्यांना या पोरीचा लळा लागला होता. ती तिथे गेली की कणीस भाजायचे. सुनेला सांगायचे, "मास्तरीन आली, च्या टाक." सून बाळंत झाली, आणि दूध पुरेना म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू झालं. ते कालवायला पाणी त्याच विहिरीचं.

त्या विहिरीच्या नमुन्याचा निकाल आला, नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर, तेव्हा ती यंत्रासमोरून उठेना. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. सर म्हणाले, "वर्षाचे नमुने पुरे होऊ देत. शोधनिबंध छापून येईपर्यंत बाहेर बोलू नकोस. लोक बिथरतात." सरांचं चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. डबा जड म्हणून मीही सोबत गेलो.

तिनं सुनेला सांगितलं, "या पाण्यात बाळाचं दूध कालवू नका." सून घाबरली. "उकळून देते की मी."

"उकळून जात न्हाई ते. उलट वाढतं. बाळ निळं पडू शकतं."

आबा विहिरीच्या कठड्याशी उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी आमच्या इहिरीला इटाळ झाला, असं म्हनतीस व्हय?"

ती म्हणाली, "इटाळ न्हाई, आबा. खत उतरलंय. रानात टाकलेला युरिया पाझरत खाली जातो."

"चार पिढ्या ह्याच पान्यावर वाढल्या. आता तू आमाला शिकव." त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "आता येऊ नगं, पोरी."

परतीच्या एसटीत तिनं डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "काका, माझ्या आजीला विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. लांब ओंजळ धरून उभी राहायची, कुणी वरून ओतेल म्हणून. आज मला विचारलं, आमची विहीर विटाळली का." हसायला गेली, पण हसू काही धड आलं नाही. "आजीला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं."

आबांचं बघून बाकीच्या विहिरीवाल्यांनीही तिला मनाई केली. वर्षाचे नमुने पुरे झाले नाहीत. समितीनं शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवली नाही. सर हळहळून म्हणाले, "थोडं थांबली असतीस."

"थांबले असते, सर. पण घरात बाळ होतं."

तिनं टेबल आवरलं आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी धरली. मध्ये एकदा भाजीबाजारात भेटली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "बरं चाललंय काका. नमुना येतो, आकडा लिहिते, घरी जाते. कुणाचा आहे ते विचारायचं नसतं."

मग एका दुपारी आबा लॅबच्या दारात उभे. हातात थंड पेयाची धुतलेली बाटली, तिच्यात पाणी. "ती पोरगी हाय का?"

मी म्हणालो, ती सोडून गेली. पाणी ठेवा, सर तपासतील.

"न्हाई. तिनं सांगितलं तर खरं." ते बाकावर टेकले. "सुनेनं त्याच दिवसापास्नं जारचं पानी चालू केलं. माझं ऐकलंच न्हाई. नातू पळतो आता. म्या बी युरिया कमी केलाय. आता पाजू का त्याला, एवढंच इचारायचंय."

मी फोन लावला. आबा आलेत म्हणून सांगितलं. मग ती म्हणाली, "ड्युटी सुटली की येते. त्यांना चहा द्या."

ती आली, कंपनीच्या निळ्या गणवेशातच. पाया पडायला वाकली तर आबांनी हात धरला. तिनं पाणी तपासलं. शेवटी ती त्यांच्याशेजारी बाकावर बसली.

"पहिल्यापेक्षा कमी हाय, आबा. पर लेकराला न्हाई चालायचं."

"बरं," आबा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "बरं. उन्हाळ्यात येशील का बघायला? सगळ्या इहिरी दावतो. म्या सांगतो समद्यांना."

"सुट्टी मिळाली तर येते."

शिष्यवृत्ती केव्हाच बंद झाली होती, हे तिनं त्यांना सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. उन्हाळ्याच्या आधीच कंपनीनं तिला दुसऱ्या राज्यात पाठवलं. आमच्या लॅबमध्ये ती आली ती त्या संध्याकाळीच, शेवटची.

दोघं निघाली, तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. फाटकाशी आबांनी मोबाईल काढून तिला नातवाचा फोटो दाखवला. दिवसभराची दमलेली ती वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं रिक्षाला हात केला आणि आधी त्यांना आत बसवलं.