तारा बसली होती

माझे थोरले मामा व्यंकटी सोनकांबळे यांना फौजेत शौर्यपदक मिळालं ते एका अर्ध्या तासासाठी. त्याच्या आधीच्या दोन मिनिटांबद्दल ते वर्षभर कुणाशी बोलले नाहीत.

मामा उदगीर तालुक्यातले. बहात्तरचा दुष्काळ सरता सरता ते भरती झाले आणि श्वानपथकात गेले. एका माणसाला एक कुत्रा, असा तिथला नियम. खायला त्यानंच घालायचं, अंगावरून ब्रश त्यानंच फिरवायचा, हुकूमही त्यानंच द्यायचा. मामांच्या वाट्याला तारा आली, काळी लॅब्राडोर. जमिनीत पुरलेल्या सुरुंगाचा वास आला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, खाली बसायचं, हे तिला शिकवलेलं. ती बसली की मामांनी हात वर करायचा आणि मागच्या तुकडीनं जागच्या जागी थांबायचं.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या डोंगरात बंडखोरांच्या मागावर तुकडी तिसऱ्या दिवशीही चालत होती. मामांच्या मागे रामकिशन होता. तो देगलूरकडचा, म्हणून मामांना जवळचा.

उकाड्यानं तारा सकाळपासून दोनदा खाली बसली होती. दोन्ही वेळा तुकडी थांबली, जमीन तपासली, काही निघालं नाही. मामांनी तिला पाणी पाजलं.

पुलाच्या अलीकडे ती तिसऱ्यांदा बसली.

"व्यंकट्या, तुझी मेमसाब पुन्हा बसली की रे," रामकिशन म्हणाला. "मटण तिला अन् पायपीट आमाला!"

"दमली हाय ती," मामा म्हणाले.

त्यांनी हात वर केला नाही. दोरी ओढली. तारा उठेना. त्यांनी पुन्हा ओढली, तेव्हा ती नाइलाजानं उठून दोन पावलं चालली. तिचं तोंड मिटलेलं होतं, हे मामांनी पाहिलं होतं. दमलेला कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. वास लागला की धापा थांबतात आणि तोंड मिटतं. हे मामांनीच नव्या जवानांना शिकवलं होतं.

स्फोटानं तारा जागेवर संपली. मामांच्या हातात दोरीचा तुकडा उरला. डाव्या कानातून रक्त गळत होतं आणि त्या कानानं काही ऐकू येत नव्हतं. मामांच्या कडेनं पुढं निघालेला रामकिशन रस्त्यावर आडवा होता. त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नव्हते. तेवढ्यात झाडीतून गोळ्या सुरू झाल्या. मामांनी एका जखमी जवानाला ओढत खडकाआड नेलं, मग परत येऊन रामकिशनला खांद्यावर घेतलं आणि ओढ्यातून अर्धा तास चालत राहिले. तळावर पोचले तेव्हा रामकिशन गेलेला होता.

चौकशीत विचारलं, "कुत्रीनं इशारा दिला होता?"

"नाही साहेब," मामा म्हणाले.

पुढच्या वर्षी पदक मिळालं. तोवर लातूर वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कलेक्टर कचेरीत पदकवाल्या जवानाचा सत्कार ठरला. गावोगाव टँकर फिरत होते, त्यामुळे मांडवात घागरींचीच चर्चा जास्त. हार गळ्यात पडला, भाषणं झाली. मामा घरी गेले नाहीत. उदगीरहून त्यांनी देगलूरची एसटी धरली आणि अलीकडच्या फाट्यावर उतरून रामकिशनचं गाव गाठलं.

रामकिशनच्या आईनं, धुरपताबाईंनी, त्यांना बाजेवर बसवलं. तांब्यात निम्मंच पाणी होतं, तेही पुढं केलं.

"त्या कुत्रीनं माझं लेकरू खाल्लं," त्या म्हणाल्या. "सरकारनं असलं नासकं जनावर कशाला पाळावं, बाबा?"

मामांनी तांब्या खाली ठेवला.

"माय, तिनं सांगितलं होतं. ती बसली होती. म्याच तिला ओढून उठवलं."

रामकिशनचा धाकटा भाऊ शेषेराव रोजगार हमीच्या कामावरून नुकताच आला होता. खडी फोडायचा हातोडा हातातच होता. त्यानं हे दारात ऐकलं.

"काय म्हणलास?"

मामा उभे राहिले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चौकशीत खोटं बोललो, हेही. शेषेरावनं हातोडा घातला. डोक्यावर घातलेला घाव मामांनी मान वळवल्यामुळे गळ्याजवळच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज बाजेपलीकडे बसलेल्या धुरपताबाईंनीही ऐकला. दुसरा घाव बरगडीत बसला. मामा गुडघ्यावर आले, पण हात वर केला नाही. पायात बूट घातलेला फौजी माणूस आडवा पाडणं शेषेरावसारख्या किडकिडीत गड्याला अवघड नव्हतं का? होतं. मामा स्वतःला पडू देत होते.

शेषेरावनं तिसऱ्यांदा हातोडा उचलला तेव्हा धुरपताबाई मध्ये आल्या.

"थांब रं. मला एक विचारू दे." त्या मामांच्या तोंडाजवळ वाकल्या. "माझं लेकरू शेवटी काय बोललं?"

मामांना खोटं सांगता आलं असतं. आईचं नाव घेतलं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"बोलला न्हाई, माय. नुसता वरडत व्हता."

"किती येळ?"

"ओढ्यापस्तोर. मग गप झाला."

धुरपताबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यातून आवाज फुटला तो माणसाचा वाटत नव्हता, असं मामा सांगत. मग त्यांनी पदर काढला आणि मामांच्या तोंडावर एक थप्पड मारली, सगळा जीव गोळा करून. ओठ फुटला.

"ह्याला दवाखान्यात ने," त्या शेषेरावला म्हणाल्या. "हितं मरू नगं म्हणावं. जाऊन फौजेतल्या साहेबाला खरं सांग म्हणावं."

रिकाम्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवून शेषेरावनं त्यांना देगलूरला नेलं. खड्ड्यागणिक मामा कण्हत होते. शेषेरावनं एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही, पण वळणावर त्यांना धरून ठेवलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं हे?"

"पडलो," मामा म्हणाले.

"पडला न्हाई," शेषेराव म्हणाला. "म्या मारलं. लिहा."

डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं. मग मामांना पुन्हा विचारलं. या वेळी मामा खरं बोलले.