सोनाबाईचा जबाब

मंडळाच्या हॉलात चप्पल घालून शिरायची हिंमत अख्ख्या गावात कोणाची नव्हती. देवळात एखादा विसरून जाईल, पण हॉलाच्या उंबऱ्याशी आला की पाय आपोआप थांबायचे, कारण आत सोनाबाई असायची. "चपला काय तुझा बाप येऊन काढणार का रं?" असा आवाज आला की भला भला साहेबसुद्धा वाकून सँडलचे पट्टे सोडायचा. बाई काही हॉलाची मालकीण नव्हती. गावच्या युवक मंडळानं झाडलोटीला ठेवलेली, साठीला टेकलेली विधवा. पण तोरा असा, की मंडळाचा अध्यक्ष स्वप्नीलसुद्धा तिला विचारून खुर्च्या हलवायचा.

गाव पळसदरीच्या धरणापलीकडचं. नाव सांगत नाही, कागदांवर ते आधीच नको तितकं चढलंय.

सोनाबाई दिवसातून दोनदा हॉल झाडायची. सकाळचं समजण्यासारखं आहे, पण दुपारी चारला पुन्हा कशाला? तेव्हा तर आत चिटपाखरू नसायचं. तरी ती यायची, उकिडवी बसायची आणि ओल्या फडक्यानं एकेक शहाबादी फरशी पुसत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकायची. एकही फरशी सुटता कामा नये. पोरांनी आत उड्या मारल्या की ती कळवळून ओरडायची, "हळू रं मेल्यांनो, हळू!" पोरं म्हणायची, आजीला फरशीचं खूळ लागलंय.

खूळबीळ काही नव्हतं. त्या फरशीखाली तिचा मुलगा होता.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिलटकरीण होती ती, विशीसुद्धा गाठली नव्हती. मुलगा झाला, पाचवी पुजली, आणि नवव्या दिवशी पोर दूध ओढेना. टांग्यानं कर्जतला न्यायचं ठरेपर्यंत संपलंसुद्धा. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नावही नाही. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. गावाच्या मागं करवंदीच्या जाळ्या असलेला एक माळ होता, तिथं. आणि बाईनं तिकडं जायचं नाही, ही रीत. आईनं जागा पाहिली की तिचा जीव तिथंच गुंततो आणि पुढची कूस फळत नाही, असं म्हाताऱ्या सांगायच्या. म्हणून तिचा नवरा कोंडाजी आणि त्याचा जोडीदार नामा, दोघंच गेले. परत आले ते हातपाय धुऊन. "कुठं ठेवलंत?" तिनं विचारलं. कोंडाजी म्हणाला, "इचारू नगं." तिनं पुढं दहा वेळा विचारलं असेल, दहाही वेळा हेच उत्तर. पुढं दोन मुली झाल्या, नांदायला गेल्या, त्यांचीही लेकरं मोठी झाली. नवरा मात्र तोंडाला कुलूप लावून बसला तो मरेपर्यंत.

वीसेक वर्षांपूर्वी त्याच माळावर मंडळानं श्रमदानानं हॉल बांधला. पाया खणायच्या दिवशी कोंडाजी सकाळपासून तिथं उभा. ना कुदळ हातात घेतली, ना घमेलं. जेवायलाही आला नाही. भाकरी घेऊन सोनाबाई गेली, तर हा पुतळ्यासारखा पायाच्या खड्ड्याकडं टक लावून उभा. तिला एकदम कळलं. इथंच आहे ते. कुठल्या कोपऱ्यात, देव जाणे, पण इथंच. फरशी बसली त्या महिन्यात ती मंडळाकडं गेली आणि म्हणाली, झाडायला मी येते, पैसे द्या नाय तर देऊ नका.

नक्की कुठली फरशी ते ठाऊक नाही, म्हणून ती सगळ्याच पुसायची. आणि एक गोष्ट तिनं जन्मात कोणाला सांगितली नाही. दुपारी चारला, हॉल रिकामा असताना, त्या गार फरशीवर हात टेकला की तिच्या छातीत पान्हा दाटल्यासारखं व्हायचं. या वयात! अंगावर काटा यायचा तिच्या. भीती वाटायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी चार कधी वाजतात असं होऊन जायचं. त्या पोराच्या आईपणाचे तिचे दिवस पुरे व्हायचे राहिले होते, ते ती तिथं थोडे थोडे वसूल करत होती म्हणा.

आता हॉलाचं म्हणाल तर तो नुसता हॉल नव्हता. संध्याकाळी घराघरांत टीव्ही लागले की शाळा-कॉलेजच्या पोरी वह्या घेऊन तिथं यायच्या. दोघी पोलीस भरतीत लागल्या, एक नर्स झाली. लसीकरण तिथं, शिवणाचा क्लास तिथं, लग्नाचं वऱ्हाड तिथं. पण बांधताना परवानगी कोणी काढली होती? कोणी नाही. गावाची जागा, गावाचे हात, परवानगी कोणाची काढायची, असाच तेव्हाचा हिशेब. मग शेजारची शेतं मुंबईच्या एका शेठनं घेतली, तिथं शनिवार-रविवारचे बंगले उठले, आणि एक दिवस हॉलाच्या दारावर नोटीस चिकटली. बांधकाम अनधिकृत. नियमित करून घ्या, नाहीतर पाडू.

स्वप्नीलनं चपला झिजवल्या. नकाशा काढून घेतला, ग्रामपंचायतीचा ठराव जोडला, अर्ज टाकला. सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात शेठनं हरकत घेतली. काय हरकत, तर ही जागा लहान मुलांच्या दफनाची आहे, इथं बांधकाम कायम करता येत नाही. कोणाच्या तोंडून कळलं असेल त्याला? गावातलाच कोणीतरी घरभेदी. शेठला मेल्या पोरांचं काय पडलंय हो! त्याला बंगल्यांसमोरचा हॉल नको होता, एवढंच.

स्वप्नीलनं जुन्या माणसांना हॉलात बोलावलं. "स्थळपाहणीला तहसीलच्या मॅडम येणारेत. जबाब घेतील. इथं कधी कोणाला पुरलं नाय, एवढंच सांगायचं. एकानं जरी हो म्हटलं ना, तर हॉल गेला. वर खात्री करायला फरशी उखडून खणतील."

खणतील म्हटल्यावर सोनाबाईनं तळहात खालच्या फरशीवर दाबून धरला. समोर भिंतीला टेकून चंद्राबाई बसली होती, तिची सख्खी शेजारीण. तिचीही एक मुलगी त्याच माळावर होती, तिच्या वेळीही नामाच गेला होता. दोघींनी चाळीस वर्षांत एकमेकींशी हा विषय काढला नव्हता, तेव्हाही काढला नाही.

मॅडम आल्या. नम्रता त्यांचं नाव, वय असेल तिशीचं, बोलणं मऊ. चपला न सांगता दाराबाहेर काढल्या. टेबलाशी एकेकाला बोलावलं. आधी नामा. तो आता सत्तरीचा, काठी टेकत गेला. "नाय," म्हणाला आणि सही केली. मग चंद्राबाई.

"आजी, या जागेत कधी कोणाला पुरलं होतं? तुमच्या घरातलं, शेजारचं?"

"नाय बा," चंद्राबाई म्हणाली. फटकन म्हणाली, भाजीवाल्याला नको म्हणावं तसं. अंगठा टेकवला आणि पदरानं शाई पुसत बाहेर निघून गेली. सोनाबाईकडं तिनं पाहिलंच नाही.

मग सोनाबाई. खाली अनवाणी पायांना फरशी गार लागत होती. मॅडमनी तोच प्रश्न विचारला. सोनाबाईनं मनातल्या मनात म्हटलं, बाळा, तुझ्यासाठीच बोलतेय रं. नाय म्हटलं तर तुझ्यावर कोणी कुदळ मारणार नाय.

"नाय," ती म्हणाली.

"नक्की ना? मला लिहावं लागेल."

"लिवा. कोणी नाय इथं."

मॅडमनी लिहिलं. वाचून दाखवलं, 'सदर जागेत कोणासही पुरलेले नाही.' अंगठा उठला.

त्या दिवशी चार वाजता सोनाबाई फडकं घेऊन बसली. पहिली फरशी पुसली, दुसरी पुसली, हात टेकून राहिली. काही झालं नाही. फरशी नुसती फरशी होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. महिना गेला. तिला वाटायला लागलं, रागावलंय ते. आपल्याच आईनं कागदावर लिहून दिलं की तू नाहीस, मग ते कशाला राहील? ती फरशीला गाल लावून माफी मागायची. जेवण तुटलं, पोरांवर ओरडणंही बंद पडलं. पोरं चपला घालून आत यायला लागली, तरी ही गप्प.

पावसाळा सरला आणि मंजुरी आली. हॉल कायम! गावात पेढे वाटले. पोरींनी सोनाबाईच्या तोंडात पेढा कोंबला, ती हसलीसुद्धा, कारण काही झालं तरी फरशी आता शाबूत राहणार होती. मंजुरीला एकच अट होती. हॉलाच्या पूर्वेची, जाळ्यांच्या बाजूची सहा हात पट्टी रस्ता रुंद करायला सोडायची. शेठची हरकत मध्येच गार का पडली, ते तेव्हा लोकांना कळलं. त्याच्या बंगल्यांना मोठा रस्ता मिळत होता. जाऊ दे, म्हणाले सगळे, सहा हातांनी कोणाचं काय जातंय?

दिवाळीनंतर एका सकाळी जेसीबी आला, मागोमाग डंपर आला. आदल्या दिवशी कोणीतरी फक्कीची पांढरी रेघ मारून गेलं होतं. सोनाबाई हॉलाच्या पायऱ्या झाडत होती. नामा लटपटत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"काय झालं रं नामा?"

"सोने, ते आत नाय गं."

"काय आत नाय?"

"तुझं पोर. आत नाय ते. ते तिकडं हाय." त्यानं काठी पांढऱ्या रेघेच्या पलीकडं केली, जाळ्यांकडं. "मी आनि कोंडाजीनं ठेवलंय. मोठ्या धोंड्याच्या अलीकडं, चार पावलांवर."

सोनाबाईला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "पण पाया खणताना आमचे धनी हितं उभे व्हते. दिवसभर."

"राखण करत व्हता तो. खणणारे त्या बाजूला सरकू नयेत म्हणून."

"आनि तू मला आज सांगतोस? वीस वर्सं मी फरशा पुसल्या!"

"कोंडाजीनं शपथ घातलेली. आनि तू एवढी मन लावून पुसायचीस गं. म्हटलं, बाईला तिथं वाटतंय तर वाटू दे." नामा रडायला लागला. "काल ती रेघ बघितली आनि झोप नाय लागली."

म्हणजे जे राखायला ती खोटं बोलली, तेच तिनं त्या खोट्यानं उघड्यावर टाकलं होतं. जेसीबीचं इंजिन सुरू झालं. सोनाबाई धावली. साठीच्या बाईनं धावू नये इतकी जोरात धावली, रेघ ओलांडून धोंड्याशी गेली आणि चार पावलं मोजून तिथं उभी राहिली.

"ओ आजी, बाजूला व्हा!"

"बंद कर रं ते! माझा पोर हाय इथं!"

ड्रायव्हरनं घाबरून चावी फिरवली आणि खाली उडीच टाकली. चाकाखाली वाकला, खणायच्या बादलीमागं बघितलं, जाळ्या हातानं बाजूला केल्या. "कुठं हाय? लागलं का त्याला? अहो, बोला ना, किती मोठा हाय पोर?"

"नऊ दिवसांचा," सोनाबाई म्हणाली.

आवाज ऐकून लोक जमले, शेठचा सुपरवायझर मोबाइल वर धरून शूटिंग करायला लागला. स्वप्नील पळत आला आणि सोनाबाईच्या कानाशी लागला. "आजी, हळू बोल. हात जोडतो तुझ्यापुढं. सगळ्यांचे जबाब खोटे पडतील. मंजुरी रद्द होईल गं. पोरींनी कुठं बसायचं?"

सोनाबाईनं हॉलाकडं पाहिलं. खिडकीत परीक्षेसाठी सकाळीच आलेल्या तीन-चार पोरी वह्या छातीशी धरून उभ्या होत्या. तिचे डोळे भरून आले. त्या पोरीही तिच्याच होत्या.

"माझ्या घरात बसव त्यांना. दोन खोल्या हायेत," ती म्हणाली. "पण ह्याला मी एकदा नाय म्हटलं रं स्वप्नील. आता नाय म्हणणार." आणि तिथंच मातीत मांडी घालून बसली.

सुपरवायझर मोबाइल घेऊन पुढं सरकला आणि विचारू लागला, "म्हणजे इथं मुलं पुरलेली आहेत, बरोबर? नीट सांगा आजी, किती आहेत?"

गर्दीतून चंद्राबाई पुढं आली. हात पिठाचे, भाकरी अर्धी टाकून आलेली. तिनं सुपरवायझरला बाजूला ढकललं, सोनाबाईजवळ क्षणभर थांबली, आणि मग सरळ नामासमोर जाऊन उभी राहिली.

"नामा," ती म्हणाली, "माझी कुठं हाय रं?"

नामानं काठी उचलून डंपर उभा होता तिकडं दाखवलं.